मोरितूरुस

मोरितूरुस : लॅटिनमधील भविष्यकालवाचक धातुसाधित विशेषण. अर्थ ‘मरणार असलेला’. स्त्रीलिंगी रूप मोरितूरा, नपुंसकलिंगी मोरितूरुम. पुल्लिंगी प्रथमेचे अनेकवचन मोरितूरी. ज्या ‘मोरिओर’ (मी मरतो) या क्रियापदापासून ते बनते, ते आणि संस्कृत ‘मृ’ धातू एकाच कुळातले. म्हणून मराठी ‘मरणे’ही त्याचे सगोत्र ठरते. मोरिओर दिसायला कर्मणी, अर्थाने कर्तरी. धातुसाधितात मात्र रूपही कर्तरी होते. संस्कृतातही ‘म्रियते’ आत्मनेपदी, पण भविष्यकाळी ‘मरिष्यति’ परस्मैपदी. दोन्ही भाषा शिकणाऱ्याने हे साम्य जरूर लक्षात ठेवावे.

‘मोरितूरुस सुम’ म्हणजे ‘मी मरणार आहे’. मराठीचा ‘-णार’ येथे नेमका बसतो. ‘मरायला टेकलेला’ हे भाषांतर चुकीचे, कारण त्यात शरीर थकल्याची छटा आहे आणि मोरितूरुस माणूस धडधाकटही असू शकतो. त्याला आपले मरण ठाऊक असेलच असेही नाही. रोमन कवी व्हर्जिलने ‘मोरितूरा’ हे विशेषण गवतातला साप न दिसलेल्या युरिडिसीलाही लावले आहे आणि मरणाचा निश्चय केलेल्या डिडोच्या तोंडीही घातले आहे. एकीच्या बाबतीत ती नियती, दुसरीच्या बाबतीत संकल्प. हा फरक रूप सांगत नाही, संदर्भच सांगतो.

हा शब्द जगभर पोचला तो रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलेल्या सम्राट क्लॉडियसच्या चरित्रामुळे. इ.स. 52 मध्ये इटलीतील फुकिनुस सरोवरावर लुटुपुटीचे नव्हे, खऱ्या रक्तपाताचे नौकायुद्ध मांडले गेले. इतिहासकार टॅसिटस लढणाऱ्यांची संख्या 19,000 देतो. ते शिक्षा झालेले गुन्हेगार होते. त्यांनी स्वतःला ‘मोरितूरी’ म्हणवून सम्राटाला वंदन केले. त्याच्या उत्तराचा अर्थ त्यांनी माफी असा घेतला आणि लढायचे नाकारले. तेव्हा क्लॉडियस लंगडत काठाकाठाने धावला आणि धमक्या देत, विनवण्या करत त्यांना लढायला लावले. पुष्कळ रक्त सांडल्यावर उरलेल्यांना जीवदान मिळाले.

ग्लॅडिएटर प्रत्येक झुंजीआधी असे वंदन करीत, या समजुतीला प्राचीन आधार नाही. चित्रकार जेरोमच्या 1859 च्या चित्राने ती घट्ट केली. सुएटोनियसकडे क्रियापदही तृतीयपुरुषी आहे : ‘मरणार असलेले तुला वंदन करतात’. ‘आम्ही’ हा कर्ता असलेली प्रचलित आवृत्ती त्याच्या संहितेतली नाही.