'शेड्यूल' : एका चिठ्ठीचा इतिहास आणि आपली नोंद

'शेड्यूल' हा शब्द आता मराठीच झाला आहे. साहेबांचे शेड्यूल टाइट असते, परीक्षेचे शेड्यूल लागते, सिनेमाचे शूटिंग शेड्यूल संपते. औषधाच्या पाकिटावर 'शेड्यूल एच' छापलेले असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचे नाही. बँक 'शेड्यूल्ड' असते, कारण रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये तिचे नाव असते. हे सगळे ऐकताना कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. मात्र याच शब्दापुढे 'कास्ट' लागले की आवाज खाली येतो. 'ते शेड्यूल आहेत' असे कुजबुजत सांगितले जाते. एकाच शब्दाचे हे दोन जन्म कसे झाले, हे तपासले पाहिजे. आमच्या मते आपल्या चळवळीचा एक मोठा अध्याय या साध्या शब्दात दडलेला आहे.

मूळ शब्द लॅटिन. पपायरसच्या पट्टीला 'शेडा' म्हणत, तिचे लहान रूप 'शेडुला', म्हणजे कागदाची चिठ्ठी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मोठ्या दस्तऐवजाला जोडलेली चिठ्ठी, मग कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी असा त्याचा अर्थ सरकत गेला. वेळापत्रक हा अर्थ बराच अलीकडचा, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेने रूढ केलेला. म्हणजे 'शेड्यूल' या शब्दात मुळात ना मान आहे ना अपमान. ती एक यादी आहे. प्रश्न नेहमी हाच राहिला : यादी कोण करतो, कशासाठी करतो आणि नाव घालायचे की गाळायचे हे कोण ठरवतो?

या यादीच्या आधी आपल्याला काय काय म्हटले जात होते ते आठवा. अंत्यज, अतिशूद्र, पंचम, अस्पृश्य. इंग्रज सरकारच्या कागदावर 'डिप्रेस्ड क्लासेस'. बाबासाहेबांना हा शब्द मान्य नव्हता. गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन देऊन हे नाव बदलण्याची मागणी केली. पुढे मे १९३२ मध्ये मताधिकार समितीला, म्हणजे लोथियन समितीला दिलेल्या टिपणात बाबासाहेबांनी 'बाह्य जाती' किंवा 'बहिष्कृत जाती' अशा अर्थाचे नाव सुचवले. त्यामागचा विचार नीट समजून घेतला पाहिजे. 'डिप्रेस्ड' म्हटले की माणूस आपोआप खचलेला, मागासलेला वाटतो. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार घालणारा लगेच समोर उभा राहतो. नाव देताना दोष कोणाच्या दारात टाकायचा, हा समाजशास्त्राचा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच मांडला होता.

दुसऱ्या बाजूने गांधीजींनी 'हरिजन' हा शब्द चालवला. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकार हा शब्द कायद्यात घालू लागले, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली आणि बाबासाहेब आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांना हे नाव द्यायचे होते त्यांनाच ते नको होते, तरी बहुमताच्या जोरावर ते लादले गेले. नाव ठेवण्याचा अधिकार ही सत्ताच असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

'शेड्यूल्ड कास्ट' हा शब्द या दोन्हींच्या मधून आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने म्हटले की, पूर्वी ज्यांना डिप्रेस्ड क्लासेस म्हणत त्यांच्याशी जुळणाऱ्या ज्या जाती सरकार ठरवील, त्या 'शेड्यूल्ड कास्ट्स'. ३० एप्रिल १९३६ ला तसा आदेश निघाला आणि त्याला प्रांतवार जातींची यादी जोडली गेली. यादीत आहेत म्हणून शेड्यूल्ड, इतका हा साधा हिशेब. मराठीत कधी 'परिगणित जाती' म्हटले गेले, पुढे 'अनुसूचित जाती' स्थिरावले. अर्थ एकच : यादीत मोजलेल्या. या शब्दात दया नाही, देव नाही, कुणाच्या पूर्वजन्माचे पाप नाही. आम्हाला वाटते, म्हणूनच १९४२ मध्ये नागपुरात पक्ष स्थापन करताना बाबासाहेबांनी हा कोरडा कायदेशीर शब्द पक्षाच्या नावात घ्यायला मागेपुढे पाहिले नाही. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. ज्या शब्दाने सरकारने मोजले, त्याच शब्दाखाली माणसे संघटित झाली.

पण यादीला दरवाजा असतो आणि दरवाज्यावर पहारेकरी. १९३६ च्या आदेशातच लिहिले होते की भारतीय ख्रिश्चन शेड्यूल्ड कास्ट धरला जाणार नाही, आणि बंगालमध्ये बौद्ध धर्म मानणाराही धरला जाणार नाही. म्हणजे धर्माची अट यादीच्या जन्मापासूनच तिला चिकटली होती. स्वतंत्र भारताच्या संविधानाने कलम ३४१ मध्ये यादी जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आणि त्यात भर घालण्याचा किंवा नाव वगळण्याचा अधिकार संसदेला. त्यानुसार १० ऑगस्ट १९५० चा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवले की हिंदूहून वेगळा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. पंजाबकडच्या चार शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये दुरुस्ती होऊन शीख धर्म त्यात आला. आणि पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बुद्ध धम्म स्वीकारला.

त्याचा परिणाम काय झाला? अस्पृश्यता कालही होती, आजही होती. गावातली विहीर तीच, पाटलाचा वाडा तोच, मजुरीही तीच. पण सरकारच्या यादीतून माणूस बाहेर पडला. जणू दीक्षाभूमीवरून घरी परतेपर्यंत शतकांचा बहिष्कार पुसला गेला होता! १९६४ मध्ये 'पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच कायद्याच्या भाषेत सांगितले. राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम बौद्ध झाले होते, म्हणून ते त्या जागेसाठी पात्र नव्हते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ बंदच राहिले. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात रिपब्लिकन पक्षाने ज्या मागण्या पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे ठेवल्या, त्यांत बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. ती पूर्ण व्हायला १९९० उजाडले. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात तिसऱ्या परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द आला. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षे. एक अख्खी पिढी शाळेत गेली, नोकरीला लागली किंवा लागली नाही, आणि म्हातारी झाली.

या चौतीस वर्षांनी आपल्या समाजाला एक वाईट सवय लावली. घरात पंचशील, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पण फॉर्मवर 'हिंदू महार'. नाइलाज होता, हे आम्ही मान्य करतो. पोराची शिष्यवृत्ती बुडू नये म्हणून बापाने तसे लिहिले, त्याला दोष देणारे आम्ही कोण? पण १९९० नंतरही ही सवय सुटली नाही. वस्त्यांमध्ये फॉर्म भरून देताना आम्हाला आजही ऐकू येते, 'बौद्ध लिहिलं की दाखला जातो.' एखादा कारकूनही छातीठोकपणे विचारतो, 'तुम्ही बौद्ध, मग शेड्यूल कास्ट कसे?' दोघांनाही एकच उत्तर आहे : १९९० चा कायदा वाचा.

दुसऱ्या टोकाला आपलेच काही शिकलेले मित्र आहेत. ते म्हणतात, आपण जात सोडली, मग जातीच्या रकान्यात काही लिहायचेच कशाला? त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, पण त्यांचा युक्तिवाद चुकतो. महाराष्ट्राच्या अनुसूचीत ५९ जाती आहेत आणि त्यात महार ३७ व्या क्रमांकावर आहे. तो क्रमांक म्हणजे आपली श्रद्धा नव्हे, आपली ओळखही नव्हे. आपल्यावर काय लादले गेले याची ती सरकार दरबारची नोंद आहे. सावकाराच्या वहीतले कर्ज ऋणकोने नाव बदलले म्हणून फिटत नाही. इथे तर देणे समाजाचे आहे आणि घेणे आपले. वहीतले पान आपण स्वतः का फाडायचे?

हा प्रश्न आज तातडीचा आहे. २०२७ च्या जनगणनेत धर्मासोबत प्रत्येकाची जातही नोंदवली जाणार आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार नोंदले गेले, तर अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाखांवर होती. या दोन आकड्यांमधल्या अंतरात मातंग, चर्मकार असे अनेक हिंदू समाज आहेत, हे खरेच. पण धम्म मानणारे आणि भीतीपोटी 'हिंदू' सांगणारेही त्यात आहेत, हे प्रत्येक वस्तीतला कार्यकर्ता जाणतो. जनगणनेत सांगितलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय असते. ती पाहून कुणाचा जातीचा दाखला रद्द होत नाही. तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीत असलेली जात, अशा दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत.

यादीचे राजकारण फक्त जातींपुरते नाही. संविधानाच्या आठव्या शेड्यूलमध्ये सुरुवातीला १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. संस्कृत पहिल्या दिवसापासून त्यात आहे. ज्या भाषेत त्रिपिटक आहे ती पाली अजून त्यात नाही. २०२४ मध्ये मराठीसोबत तिला अभिजात दर्जा मिळाला, पण शेड्यूलचे दार बंदच आहे. आणि १९५० चा तो तिसरा परिच्छेद आज ख्रिस्ती आणि मुस्लीम दलितांना अडवून उभा आहे. चौतीस वर्षे त्याच दारात ताटकळलेल्या आपण तरी 'आमचे झाले, आता दार लावा' असे म्हणू नये. धर्म बदलला म्हणून गावाने वागणूक बदलली नाही, हा आपला युक्तिवाद होता. तो आपल्याबाबतीत खरा असेल तर त्यांच्याबाबतीतही खरा आहे.

शेड्यूल म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी लिहिणारे हात बदलवता येतात, हे आपल्या माणसांनी १९३१ पासून १९९० पर्यंत लढून दाखवले. आता प्रगणक दारात येईल तेव्हा लिहिणारा तो असेल, पण सांगणारे आपण असू. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, शेजारच्या मावशीला, कामावरून उशिरा येणाऱ्या भावाला हे आजच समजावून सांगा. धर्म विचारला की आवाज खाली न आणता सांगायचे : बौद्ध.

जय भीम!