सागवानाचा हिशेब

परवा माळा आवरताना बाबांचं एक जुनं सर्टिफिकेट सापडलं. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. (आपल्या वयाच्या मंडळींना आठवणार नाही, घरी विचारा.) आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांत कितीतरी पट! कंपनी केव्हाच गायब झाली. १९९९ मध्ये सेबीने अशा योजनांना नियम लावले, पण बाबांचे पैसे गेले ते गेलेच.

मग वाटलं, सागाचा खरा हिशेब असतो तरी कसा? त्यासाठी केरळातल्या निलंबूरला जावं लागतं, तेही १८४० च्या दशकात.

मलबारचा साग तेव्हा मुंबईच्या गोदीत जहाजांसाठी यायचा. वाडियांनी इथे बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय! पण तोडणारे सगळे, लावणारं कोणी नाही. मलबारचा कलेक्टर हेन्री कोनोली याने लावायचं ठरवलं आणि काम सोपवलं चातू मेनन यांच्यावर. माझ्या मते या गोष्टीचे हिरो मेननच.

कारण बी रुजेचना. सागाच्या फळाचं कवच दगडासारखं. १८४२ पासूनचे पहिले प्रयत्न फसले. भिजवून पाहिलं, वर गवत जाळून पाहिलं... शेवटी भिजवलेलं बी वाफ्यात पेरून रोपं पावसाच्या तोंडावर लावली, तेव्हा कुठे जमलं. आपण ज्याला डिबगिंग म्हणतो ते हेच, फक्त इथे एका चुकीची किंमत अख्खा पावसाळा :)

पुढचा हिशेब असा: रोपं दाट लावायची, म्हणजे ती सरळ वाढतात. मग दर काही वर्षांनी विरळणी. त्या वाशांचे मधूनमधून पैसे येतात, आणि उरलेली झाडं जाड होतात. शेवटची तोड पन्नास-साठ वर्षांनी. शिवाय सागाखेरीज बाकीचं रान गेलं, त्याची किंमत या हिशेबात कोणी धरलीच नाही. असो.

कोनोलीचा १८५५ मध्ये कालिकतला खून झाला, तेव्हा झाडं जेमतेम दहा वर्षांची होती. त्यांतली काही 'कोनोली प्लॉट'मध्ये अजून उभी आहेत.

बाबांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "आमच्या माहितीपत्रकात विरळणीचा शब्दसुद्धा नव्हता रे." सर्टिफिकेट मात्र टाकू दिलं नाही.