एका इंटरफेसचे अनेक पत्ते : लिनक्समधील ‘उपनामा’चा इतिहास

एकाच यंत्राला अनेक यंत्रे असल्याप्रमाणे वागता आले पाहिजे, म्हणजेच त्याला अनेक पत्ते धारण करता आले पाहिजेत, ही अपेक्षा इंटरनेट प्रोटोकॉलच्या सप्टेंबर १९८१ च्या मूळ विनिर्देशातच नमूद आहे. तत्त्व इतके जुने असूनही लिनक्समध्ये ते ज्या वाटेने आले ती वाट आडवळणाची होती. आणि त्या वळणाचे मूळ एका नामकरणाच्या अडचणीत सापडते.

४.२ बीएसडी (१९८३) या युनिक्स प्रणालीतून प्रसृत झालेल्या ‘इफकॉन्फिग’ आज्ञेची घडण अशी की, पत्ता द्यावयाचा तो इंटरफेसचे नाव घेऊन. एका नावापाशी एकच पत्ता. मग दुसरा पत्ता ठेवावयाचा कोठे? लिनक्सने त्यासाठी दुसरे नाव निर्माण केले. ‘इथ०’ या मूळ नावापुढे अपूर्णविराम व अंक जोडून ‘इथ०:०’, ‘इथ०:१’ अशी उपनामे सिद्ध झाली. जून १९९६ मधील २.० या गाभ्यात ही सोय ऐच्छिक होती, आणि तेथे उपनाम म्हणजे खरोखरच एक कल्पित उपकरण मानले जाई. नाव आहे म्हणून वस्तू मानावयाची, असाच हा प्रकार होता!

त्या काळी तिची निकड मोठी होती. एचटीटीपीच्या १.० आवृत्तीत मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठविण्याचे बंधन नव्हते. साहजिकच एका यंत्रावर दहा स्थळे नांदवावयाची तर दहा पत्ते लागत. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीने ते नाव अनिवार्य केले, तेव्हा ही निकड बरीच ओसरली.

जानेवारी १९९९ च्या २.२ गाभ्यात अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांच्या पुनर्रचनेने प्रश्नच पालटला. आता प्रत्येक इंटरफेसपाशी पत्त्यांची यादीच राहू लागली आणि ‘आयपी’ ही नवी आज्ञा तीत हवी तितकी भर घालू लागली. उपनाम उरले ते पत्त्याला चिकटविलेली एक चिठ्ठी म्हणून, केवळ जुन्या साधनांच्या सोयीसाठी.

परंतु जुन्या दृष्टीने नवी व्यवस्था पाहणाऱ्याची फसगत होते. चिठ्ठी न लावता वाढविलेला पत्ता ‘इफकॉन्फिग’ला दिसत नाही, यंत्र मात्र त्यावर उत्तरे देत असते. याहून घातक गोष्ट पत्त्यांच्या श्रेणीची. १९२.०.२.१०/२४ नंतर त्याच उपजाळ्यातील १९२.०.२.११/२४ दिला, तर पहिला प्रधान व दुसरा गौण ठरतो. पहिला काढून टाकताच दुसराही जातो, आणि त्यावर विसंबलेली सेवा कोणतीही पूर्वसूचना न मिळता बंद पडते. प्रधानाच्या जागी गौणाला बढती देणारी ‘प्रमोट सेकंडरीज’ ही मांडणी पुढे गाभ्यात आली. तथापि गाभ्याच्या मूळ स्थितीत ती बंदच असते, चालकाने किंवा वितरणाने ती चालू करावी लागते.