खरी क्रूझर कोणती?

२०२४ साली टोयोटाने लँड क्रूझर ७० मालिकेतलं व्ही-८ डिझेल इंजिन बंद केलं, तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात लोक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळत होते. "खरी क्रूझर संपली!" पेट्रोल पंपावर, खाणीच्या कँटीनमध्ये, जिथे जावं तिथे हेच. माझी पिकअप २००५ सालची. तिला व्ही-८ सुद्धा नाही, त्याच्या आधीचं साधं सहा सिलिंडरचं १एचझेड आहे. ती देऊन नवी घ्यावी का, यावर आमच्या घरात वर्षभर चर्चा चालू आहे. त्या निमित्ताने या गाडीचा इतिहास चाळला आणि गंमत वाटली.

सुरुवात १९५१ ची. टोयोटाने जीपच्या धर्तीवर बीजे नावाची गाडी केली आणि ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. पण 'जीप' हे नाव विलिस कंपनीचं, म्हणून १९५४ मध्ये 'लँड क्रूझर' असं बारसं झालं. (त्या काळात महिंद्र मुंबईत विलिसच्याच जीप जोडत होते. त्यामुळे आपल्याकडे नाव बदलायची वेळच आली नाही. पुढे तर उंच चाकांची कुठलीही गाडी गावाकडे जीपच झाली!)

ऑस्ट्रेलियात ही गाडी पोचली ती धरणांमुळे. लेस थीस नावाच्या कंत्राटदाराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी लँड क्रूझर मागवल्या. तोवर इथे लँड रोव्हरचं राज्य होतं आणि जपानशी झालेलं युद्ध लोक विसरले नव्हते. तरीही गाडी टिकली.

मग १९६० ची ४० मालिका, १९८४ ची ७० मालिका. १९९९ मध्ये ७९ ही पिकअप आली आणि पुढच्या चाकांवरचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. पाटेच बरे होते म्हणणारे म्हातारे मला अजून भेटतात.

आणि २००७ मध्ये आलं व्ही-८. साडेचार लिटरचं हे धूड मावावं म्हणून गाडीचा पुढचा भाग रुंद केला, पण मागचा एक्सल जुन्याच मापाचा ठेवला. त्यामुळे वाळूत मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीतून जातच नाहीत, स्वतःची वेगळी चाकोरी पाडत बसतात. शिवाय इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं. माझ्यासारख्या १एचझेडवाल्यांच्या मते खरी क्रूझर तेव्हाच संपली होती. म्हणजे आज ज्याच्यासाठी डोळे पुसले जाताहेत, तेच एकेकाळचं खलनायक!

आता नवं २.८ लिटरचं चार सिलिंडर इंजिन. माझा एक मित्र त्याला शिलाई मशीन म्हणतो. पण आकडे बघा. व्ही-८ ची ताकद १५१ किलोवॉट, याची १५०. टॉर्क मात्र तिकडे ४३० न्यूटन मीटर आणि इकडे ५००. (मागच्या एक्सलचं कोडं अजूनही तसंच आहे. असो.)

तेव्हा ताकदीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. उरला दुरुस्तीचा. १एचझेडला टर्बो नाही, डिझेल पंप यांत्रिक. डिझेलमध्ये पाणी शिरलं, फिल्टर तुंबला, तर पाना आणि थोडा धीर पुरतो. गावापासून दोनशे किलोमीटरवर पाण्याच्या बोअर तपासत हिंडणाऱ्याला याची किंमत विचारा. नव्या गाडीत सेन्सर रुसला तर लॅपटॉपवाला शोधा.

इथवर जुनीच जिंकत होती. पण ७० मालिकेच्या पिकअपला स्टॅबिलिटी कंट्रोल मिळालं २०१६ साली. माझ्या गाडीत ते नाही. बायको नर्स आहे. रात्रपाळी संपवून पहाटे ऐंशी किलोमीटर खडीच्या रस्त्याने ती हीच गाडी घेऊन येते, आणि कांगारू बाहेर पडायची वेळ नेमकी तीच. खडीवर एकदम स्टिअरिंग फिरवलं की उंच गाडी कशी घसरते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाच्या वादात मी हे कागदावर मांडलंच नव्हतं, तिने मांडलं.

नवी बुक केली आहे. जुनी विकायची नाही, असं माझं म्हणणं. बायको म्हणते, शेड एकाच गाडीची आहे.