लांडगे शहरात आले तेव्हा

ऑस्लो, नोव्हेंबर १९९२. दुपारचे चार वाजलेत आणि अंधार पडू लागलाय. मध्यवर्ती रेल्वे स्टेशन मागे टाकून तुम्ही श्वाइगॉर्ड्स गाटे या रस्त्याने पूर्वेकडे चालत आहात. ५६ नंबरच्या इमारतीत रेकॉर्डचं एक दुकान आहे. नाव हेल्वेते, म्हणजे नरक. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. भिंती काळ्या रंगवलेल्या, दिवे मिणमिणते. डोळे सरावले की कोपऱ्यात चामडी जाकिटातली, सोळा-सतरा वर्षांची पोरं दिसतात. गल्ल्यामागे चोवीस वर्षांचा मालक, ऑयस्टाइन ऑर्शेट, मेहेम या बँडचा गिटारवादक. इथे सगळे त्याला यूरॉनिमस म्हणतात.

तो मेहेमचीच १९८७ची 'डेथक्रश' लावतो. ब्लॅक मेटल म्हणजे हेवी मेटलची सर्वांत कडवी शाखा, हे ऐकून तुम्ही आलात. सुसाट ड्रम, किंचाळणारा गळा, मुद्दाम खरखरीत ठेवलेलं ध्वनिमुद्रण. त्या तयारीने तुम्ही उभे राहता आणि सुरुवातीला गिटार येतच नाही. येते ती ठोक्यांची एक विचित्र, थंड, यंत्रासारखी मालिका. ही रचना कॉन्राड श्निट्झलरची. श्निट्झलर बर्लिनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार, टँजरीन ड्रीमच्या पहिल्या अल्बमच्या संचातला. यूरॉनिमसला त्याचं संगीत इतकं आवडायचं की त्याने ही रचना त्याच्याकडून मिळवली आणि आपल्या बँडच्या रेकॉर्डच्या तोंडी लावली. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलच्या मुळाशी इलेक्ट्रॉनिक संगीत असं पहिल्यापासून रुजलेलं आहे. ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवा, पुढच्या प्रवासात लागेल.

या दुकानात फार वेळ थांबू नये. याच वर्षीच्या ६ जूनला बर्गनजवळचं फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलंय, आणखी चर्चं जळणार आहेत. पुढच्या वर्षी दुकान बंद पडेल आणि १० ऑगस्टला यूरॉनिमसचा खून होईल. संगीताच्या नावाखाली झालेल्या या हिंसेला कसलंही समर्थन नाही. बाहेरच्या जगाने पुढे वर्षानुवर्षं एवढंच लक्षात ठेवलं. पण त्या पोरांपैकी कितीतरी जणांना फक्त असं काहीतरी ऐकायचं होतं, जे दुसरीकडे कुठेच ऐकू येत नव्हतं. आपल्याला त्यांच्यासोबत पुढे जायचंय.

आता १९९७. तुम्ही एका खोलीत आहात, हेडफोन कानावर, हातात उल्वर या बँडची नवी सीडी, 'नाटेन्स मॅड्रिगाल'. उल्वर म्हणजे लांडगे, आणि ही माणसातल्या लांडग्याला वाहिलेली आठ स्तोत्रं आहेत. गायक क्रिस्टोफर रिग जेमतेम विशीचा. त्याच्या बँडचे दोन अल्बम तुम्ही ऐकलेत. १९९५च्या 'बर्गटाट'मध्ये डोंगराने ओढून नेलेल्या मुलीची कथा पाच प्रकरणांत होती, जुन्या वळणाच्या भाषेत, मधूनच स्वच्छ, प्रार्थनेसारख्या गळ्याने गायलेली. त्यानंतरच्या 'क्वेल्सांगर'मध्ये ड्रम नाहीत, विजेवरची गिटार नाही, नुसती साधी गिटार, चेलो आणि एकावर एक रचलेले आवाज. आणि आता हे.

पहिल्या मिनिटाला वाटतं, सीडी खराब निघाली. गिटारचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. अशा नादात शिरण्यासाठी काय करावं लागतं ते तुम्हाला खरं तर ठाऊक आहे. तानपुऱ्याच्या झंकारात न छेडलेला गंधार ऐकू यावा म्हणून कानाला जसं स्थिर बसावं लागतं, तसंच इथेही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्या खरखरीच्या पोटातून एक चाल वर येते, लोकगीतासारखी, फार दुःखी. ती आधीपासून तिथेच होती. तुमचा कान तिथवर पोचायला वेळ लागला. ब्लॅक मेटल ऐकणाऱ्याने वर्षानुवर्षं कमावलेली विद्या ती हीच. एकाच पोतावर तासभर टिकून राहायचं, पुनरावृत्तीला कंटाळायचं नाही आणि गोंगाटाच्या आतला बारीक बदल टिपायचा. आता हे वर्णन चांगल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्याला लावून बघा. एक शब्दही बदलावा लागत नाही.

१९९८चा डिसेंबर. ऑस्लोतल्या एका दुकानात नवा अल्बम आलाय, दोन सीडींचा. विल्यम ब्लेकच्या 'द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल' या पुस्तकाचा संपूर्ण मजकूर संगीतात बसवलेला. रिगने याच वर्षी स्वतःची जेस्टर रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, हा अल्बम तिथूनच आलाय. बँडमध्ये एक नवा माणूस आहे, तुरे इल्विसाकर. कीबोर्ड, प्रोग्रॅमिंग, ध्वनीची जुळणी ही त्याची बाजू. दुकानातल्या हेडफोनवर तुम्ही ऐकता. ड्रम यंत्राचे आहेत, आवाज तुकडे करून चिकटवलेले आहेत, गिटार आहे पण ती आता राज्य करत नाही.

शेजारी पाठीवर बँडचं मोठं कापडी बोधचिन्ह शिवलेला एक तरुण तेच ऐकतोय. दोन गाण्यांनंतर तो हेडफोन जागेवर टांगतो. बँड बाटला, हा भाव त्याच्या तोंडावर स्पष्ट आहे. त्याला हसू नका. बहिष्कृतासारख्या वाटणाऱ्या पोराने स्वतःसाठी एक जागा शोधलेली असते, आणि ज्यांनी ती जागा बांधली तेच भिंती पाडू लागतात, तेव्हा होणारं दुःख खरं असतं. पण त्याने सीडी शेवटपर्यंत ऐकायला हवी होती. अखेरच्या गाण्यात एम्परर या बँडचे इसान आणि सामोथ आहेत, आणि डार्कथ्रोनचा फेनरिझ. ब्लॅक मेटलमध्ये याहून वजनदार नावं मिळणं अवघड. पंथातल्या बुजुर्गांनीच दार उघडून धरलंय. त्यात फेनरिझला काही नवलही वाटलं नसणार. त्याने नेपच्यून टॉवर्स या नावाने १९९४ मध्येच जर्मन धर्तीची निव्वळ सिंथेसायझरवरची रेकॉर्ड काढलेली आहे. एम्परर सोडून गेलेला मॉर्टिस तर कीबोर्डवरच किल्ले-तुरुंगांचं एक अख्खं विश्व उभारतोय. श्निट्झलरची ती ठोक्यांची मालिका जमिनीखालून वाहतच होती.

पुढच्या वर्षी 'मेटामॉर्फोसिस' ही छोटी सीडी येते. आत छापलेल्या निवेदनात बँड सांगतो की उल्वर हा ब्लॅक मेटल बँड नाही आणि तसा शिक्का नको. जुन्या अल्बमांचं नातं ते नाकारत नाहीत, फक्त त्या पायऱ्या होत्या, मुक्काम नव्हे, असं म्हणतात. इतकं सरळ सांगणं मला फार मोलाचं वाटतं. चाहत्यांना गोंजारून, हळूहळू, कळू न देता बदलायचा सोपा मार्ग होता. त्यांनी ऐकणाऱ्याला मोठं माणूस समजून वागवलं.

आता मार्च २०००, आणि इथे जरा थांबू. पाय रेंगाळावेत असाच हा मुक्काम आहे. ऑस्लोच्या रस्त्यांवर चिखल झालेलं बर्फ, खिशात डिस्कमन, त्यात 'पर्डिशन सिटी'. मुखपृष्ठावर जंगल नाही, चंद्र नाही. उपशीर्षकात हे मनातल्या चित्रपटाचं संगीत असल्याचं सांगितलंय, आणि अंधारात, हेडफोन लावून ऐका अशी सूचना. तुम्ही ती पाळता. घरी येता, दिवा मालवता, डोळे मिटता.

ताल मंद आहे. खाली खोल बास, वर पियानोचे मोजके सूर, आणि मग चक्क सॅक्सोफोन. लांडग्यांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन! मधूनच बिघडलेल्या यंत्रासारखे टिकटिकणारे आवाज, कुठल्याशा खोलीतला टेलिव्हिजन, दूरची रहदारी. रिग आता किंचाळत नाही. तो जवळ येऊन, दमलेल्या, उबदार आवाजात गातो. पहिल्या ऐकण्यात तुम्ही गिटार शोधत राहता. ती सवय सुटायला दोन-तीन रात्री जातात. मग केव्हातरी हवापाणी ओळखीचं वाटू लागतं. 'नाटेन्स मॅड्रिगाल'मध्ये रात्रीच्या रानात एकटा माणूस होता. इथे रात्रीच्या शहरात एकटा माणूस आहे. भीती तीच, ओढ तीच, माणसात दडलेलं जनावर तेच. फक्त त्याच्या डोक्यावर आता रस्त्याचा दिवा आहे. खरखर म्हणजे काय असतं आणि तिच्यात थांबायचं कसं, हे ज्याच्या कानाला आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी त्या टिकटिकीत सुद्धा एक चाल लपलेली असते.

म्हणून चाहत्यांनी हा बदल 'खपवून घेतला' असं म्हटलेलं मला पटत नाही. खपवून घेणाऱ्या माणसाचं मन जुन्या गोष्टीत अडकलेलं असतं. हे लोक नव्या संगीतात रमले, कारण त्यांना तिथे वावरता येत होतं. शिवाय ब्लॅक मेटलने त्यांना शिकवलेला पहिला धडाच असा होता की गर्दीला आवडेल ते करायचं नाही. ती गर्दी स्वतःचीच झाल्यावर धडा कसा विसरायचा? तिसऱ्या अल्बमची चौथी प्रत काढणारा बँड त्यांना खरा बाटलेला वाटला असता. उल्वरच्या मागून कितीजण मग कॉइलसारख्या ब्रिटिश मंडळींपर्यंत, जर्मन सिंथेसायझरवाल्यांपर्यंत गेले आणि मेटलची कपाटं न विकता शेजारी नवी कपाटं लावत राहिले.

पुढचा काळ भराभर ओलांडू. चित्रपटांसाठीचं संगीत, २००५चा गजबजलेला 'ब्लड इनसाइड', २००७चा शांत, शोकमग्न 'शॅडोज ऑफ द सन'. या सगळ्या काळात बँड मंचावर दिसतच नाही. मग ३० मे २००९ला लिलहामरच्या साहित्य महोत्सवात उल्वर अनेक वर्षांनी लोकांसमोर उभा राहतो. ब्लेकपासून ग्रंथांच्या संगतीत वाढलेल्या या बँडला बोलावणं आलं ते लेखकांच्या मेळ्यातून, हे मला अगदी योग्य वाटतं.

३१ जुलै २०१०. पुन्हा ऑस्लो, पण या खेपेला उन्हाळ्याची संध्याकाळ, उजेड सरता सरत नाही. फ्योर्डच्या पाण्यात उतरत गेलेलं पांढऱ्या संगमरवराचं छत, त्यावर चालणारी माणसं. हे राष्ट्रीय ऑपेरागृह, दोनच वर्षांपूर्वी उघडलेलं. श्वाइगॉर्ड्स गाटेवरून इथे पायी येता येतं, आणि बँडचे काळे शर्ट घातलेले लोक आज संगमरवरावरून वर चढताहेत. आत लाकडाने मढलेलं सभागृह. पहिल्या तीन अल्बमांतलं काहीही वाजत नाही. 'पर्डिशन सिटी'तली गाणी वाजतात, आणि मेटलवाले, जे एरवी धक्काबुक्की करत ऐकतात, खुर्चीत ताठ बसून ऐकतात. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचं गाणं मागणारी आरोळी कुणाला सुचली असलीच तर तो ती गिळतो.

शेवटचा थांबा २०१७. एप्रिलमध्ये 'द असॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर' आलाय. सरळसरळ सिंथ-पॉप, डिपेश मोडची आठवण देणारा, मिश्रणाला किलिंग जोकचा मार्टिन ग्लोव्हर. पहिल्याच गाण्यात जळणारं रोम, डायना देवीचा दीपोत्सव आणि पॅरिसच्या बोगद्यात गेलेली राजकन्या डायना एकमेकांत मिसळतात. तुम्ही त्याच दौऱ्यातल्या एका कार्यक्रमाला उभे आहात. लेसरच्या रेषा डोक्यावरून फिरताहेत, बास छातीत घुमतोय, आणि बिल्ल्यांनी भरलेली डेनिमची बंडी घातलेला, दाढी पिकू लागलेला एक माणूस नाचतोय. लाजत नाही, हातचं राखत नाही, घामाघूम होऊन नाचतोय.

त्याच्या शेजारी विशीतली एक मुलगी. तिच्यासाठी उल्वरची सुरुवातच या अल्बमपासून झालीय. दोन गाण्यांच्या मधल्या उसंतीत ती त्याच्या बंडीवरचा जुना बिल्ला निरखते आणि विचारते, यांचं आधीचं काय ऐकू? तो लगेच 'नाटेन्स मॅड्रिगाल'चं नाव घेतो. मग पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत, तिच्या कानाशी ओरडून, घाईघाईने कसं ऐकायचं ते सांगू लागतो: आवाज मोठा ठेव, पहिली पाच मिनिटं काही शोधू नकोस, आणि सीडी खराब आहे असं वाटलं तरी काढू नकोस.