आज्ञावलींचे यंत्रांतर

एका संगणकाकरिता वा त्याच्या संचालन प्रणालीकरिता रचलेली आज्ञावली दुसऱ्या संगणकावर अथवा प्रणालीवर चालविण्याच्या क्रियेस आज्ञावलीचे यंत्रांतर म्हणता येईल. आज्ञावलीत केवळ गणिती कृती नसते. विशिष्ट यंत्राची शब्दलांबी, अक्षरांचे संकेत, फाइल उघडण्याची रीत इ. गोष्टी तीत गृहीत धरलेल्या असतात. यंत्र बदलताच ही गृहीते निरुपयोगी होतात. म्हणून नवा संगणक घेणाऱ्या संस्थेला त्याच्या किंमतीइतकीच, वर्षानुवर्षे लिहिलेल्या आज्ञावली वाया जाण्याची धास्ती असे.

या धास्तीचा लाभ हनीवेल कंपनीने घेतला. १९६३ च्या अखेरीस तिने एच-२०० हा संगणक जाहीर केला व आयबीएम-१४०१ च्या आज्ञावलींचे रूपांतर करणारी ‘लिबरेटर’ ही आज्ञावलीही देऊ केली. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० श्रेणीच्या लहान प्रतिमानांत १४०१ चे अनुकरण करण्याची सोय यंत्रातच ठेवली होती.

महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (स्थापना १९६८) या संस्थेचे होय. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या काळी संगणकाची आयात दुष्कर होती. फ. चं. कोहली यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने आयातीच्या मोबदल्यात आज्ञावली निर्यात करण्याची अट पतकरली. १९७४ मध्ये तिला अमेरिकेतील बरोज कंपनीकडून रुग्णालय-व्यवस्थापनाच्या आज्ञावलींचे काम मिळाले. त्या बरोजच्या मध्यम श्रेणीच्या कोबॉलमधून लघुश्रेणीच्या कोबॉलमध्ये आणावयाच्या होत्या. भाषा एकच, पण बोली भिन्न. मध्यम श्रेणीची यंत्रे दशमान अंकांवर चालत, तर लघुश्रेणीत स्मृतीतील एकेका बिटापर्यंत पोहोचता येई. विशेष म्हणजे हे काम या दोहोंपैकी कोणत्याही यंत्रावर न होता, २४ बिटांचे शब्द वापरणाऱ्या आयसीएल-१९०३ या तिसऱ्याच संगणकावर झाले. एकेक ओळ हाताने बदलण्याऐवजी रूपांतर करणारी गाळणीवजा आज्ञावली रचण्यात आली. खरे कौशल्य तीतच होते. भारताच्या आज्ञावली-निर्यातीचा आरंभ सामान्यतः या कामापासून मानतात.

व्यक्तिगत संगणकांच्या प्रसारानंतर हा प्रश्न मुख्यतः संचालन प्रणालींपुरता उरला. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्यासाठी १९९३ मध्ये ‘वाइन’ या प्रकल्पास आरंभ झाला. यात प्रक्रियकाचे अनुकरण होत नाही. विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पुरविल्या जातात. या नावाचा नाशिकच्या द्राक्षमळ्यांशी काही संबंध नाही. ‘वाइन हा अनुकारक नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे होत. त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध होण्यास २००८ साल उजाडले.