लांबचा तज्ज्ञ, गावातला डॉक्टर आणि हरवलेला एंडपॉइंट

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि 'रिसर्च गॅप' काही सापडत नाही. या टप्प्यावर असाल तर माझं एकच सांगणं असतं. तुमच्या विषयातली एखादी पद्धत धरा आणि ती जन्मल्यापासून आजपर्यंत कशी बदलत गेली ते वाचा. एका आजारासाठी बनलेली पद्धत दुसऱ्या आजाराकडे जाते तेव्हा वाटेत काहीतरी गळून पडतं, आणि जे गळतं ते शोधायला कुणी मागे वळत नाही.

आज घेतेय ती पद्धत म्हणजे 'प्रोजेक्ट इको'. मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी लहान गावातल्या डॉक्टरांना व्हिडिओवरून सतत मार्गदर्शन करायचं, म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचा रुग्णसुद्धा आपल्याच गावात नीट सांभाळला जाईल. कल्पना ऐकायला सोपी आहे. पण तिचा उगम कॅन्सरमध्ये नाही, आणि हाच आपला मुद्दा आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली. अल्बुकर्कीच्या विद्यापीठात संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ. (त्यांचं वैद्यकीय शिक्षण आपल्या पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधलं.) राज्य प्रचंड पसरलेलं, वस्ती विरळ. हिपॅटायटिस सी चे हजारो रुग्ण आणि उपचार मिळणारे पाच टक्क्यांहूनही कमी. अरोरांच्या क्लिनिकची वेटिंग लिस्ट आठ महिन्यांची होती आणि लोक अडीचशे मैलांवरून गाडी चालवत यायचे. तेव्हाचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची दर आठवड्याला इंजेक्शनं आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, विषाणूच्या प्रकारानुसार काहींना जवळजवळ वर्षभर. त्यात रक्त कमी व्हायचं, पांढऱ्या पेशी घसरायच्या, काहींना नैराश्य यायचं. गावातला डॉक्टर हे एकट्याने अंगावर घ्यायला धजत नसे, आणि त्यात त्याचं काही चुकतही नव्हतं.

टेलिमेडिसिन तेव्हा नवीन नव्हतं. १९६० च्या दशकातच नेब्रास्कात मानसोपचार तज्ज्ञ दुहेरी टीव्हीवरून शंभर मैलांपलीकडच्या रुग्णालयाशी बोलत होते. पण त्यात तज्ज्ञ लांबून रुग्ण बघतो. तज्ज्ञाचा वेळ तेवढाच राहतो, फक्त प्रवास वाचतो. अरोरांनी २००३ मध्ये इथेच वळण घेतलं. स्क्रीनवर रुग्ण नाही, रुग्णाचा डॉक्टर. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी वेगवेगळ्या गावांतले डॉक्टर एकत्र यायचे, एकेक जण नाव न सांगता आपली केस मांडायचा, केंद्रातली टीम आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलायचे, मग एक छोटं लेक्चर. रुग्णाची जबाबदारी गावातल्या डॉक्टरकडेच राहायची. एकाची केस ऐकून बाकीचेही शिकायचे, त्यामुळे वर्षभरात त्यातलाच एखादा आपल्या भागातला 'जाणकार' होऊन जायचा. आपल्याकडे गुरुजींच्या समोर बसून एकाचं चुकलं की सगळ्यांचं सुधारतं, तसंच काहीसं.

आता पुरावा बघा. जून २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचा अभ्यास आला. ४०७ रुग्ण: १४६ विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये आणि २६१ इकोच्या २१ ठिकाणी, ज्यात पाच तुरुंगही होते. विषाणू रक्तातून कायमचा गेलेल्यांचं प्रमाण क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के आणि इकोच्या ठिकाणी ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम उलट गावांतच कमी: ६.९ टक्के विरुद्ध १३.७ टक्के.

हा पेपर वाचताना दोन गोष्टींना पेन्सिलने खूण करा. एक, इथे रँडमायझेशन नाही. कोण कुठे उपचार घेईल हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे दोन गटांतले रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात. दुष्परिणामांचा आकडा तर विशेष जपून वाचायचा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: इथला एंडपॉइंट लख्ख आहे. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी रक्त तपासा, विषाणू आहे की नाही? डॉक्टरला किती आत्मविश्वास वाटला, याच्याशी त्या नळीतल्या रक्ताला काही देणंघेणं नाही. 'इको' या लघुनामाच्या पूर्ण रूपात शेवटचा शब्द 'आउटकम्स' आहे, आणि पहिल्या अभ्यासाने तो शब्द खरा केला.

यशानंतर पद्धत सगळीकडे पसरली. मधुमेह, एचआयव्ही, व्यसनमुक्ती, आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समधून मानसिक आरोग्य. कॅन्सरमध्ये टेक्ससच्या एमडी अँडरसनने मेक्सिकोच्या सीमेलगतच्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या प्रतिबंधासाठी ती वापरली. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांकडे ती वळली त्यातलं सुरुवातीचं ठिकाण म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड. तिथल्या हॉस्पिसने घरोघरी जाणाऱ्या नर्सेसना इकोने जोडलं. आणि मोजलं काय? नर्सेसचं ज्ञान आणि स्वतःच्या क्षमतेबद्दलचा विश्वास. दोन्ही वाढले. चांगलंच आहे. पण ज्यांच्या घरी त्या जात होत्या, त्यांचं दुखणं किती कमी झालं?

मी एका अभ्यासाला नावं ठेवत नाहीये. पुढच्या बऱ्याच पेपरांमध्ये हेच दिसतं: सत्रं किती झाली, हजेरी किती, समाधान किती, प्रश्नावलीत आधी-नंतर गुण किती. अमेरिकेच्या संसदेने २०१६ च्या शेवटी इकोसारख्या पद्धतींचा अभ्यास करायला सांगणारा कायदा केला, आणि त्यानंतरच्या सरकारी अहवालातही सूर असाच निघाला की कल्पना आश्वासक आहे, पण रुग्णांवरच्या परिणामांचा पुरावा तोकडा आहे.

असं का झालं? सोपं उत्तर असं देतात की पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मोजायचं तरी काय? रुग्ण बरा होणार नाहीये, अभ्यास संपायच्या आत अनेक जण जातात, फॉर्म अर्धे राहतात. अडचण खरी आहे, पण सबब म्हणून ती टिकत नाही. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या ग्रामीण भागात ३२२ रुग्णांवर झालेल्या 'एनेबल टू' या ट्रायलचे निकाल २००९ मध्ये आले. त्यात नर्स रुग्णांना फोनवरून आधार आणि शिक्षण देत असे. जगण्याची गुणवत्ता आणि मनःस्थिती सुधारली, लक्षणांच्या तीव्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तसं सरळ छापलं. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या ट्रायलचे निकाल २०१० मध्ये आले. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या गटात गुणवत्ता सुधारलीच, शिवाय मध्यक आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने निघालं. म्हणजे मोजता येतं. फक्त महाग पडतं आणि वेळ लागतो.

भारतात आलो की आणखी एक धागा लागतो, जो न्यू मेक्सिकोत नव्हताच. तिथे औषध दुकानात होतं, ज्ञान नव्हतं. इथे कॅन्सरच्या दुखण्यावरचं मुख्य औषध, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, हेच मिळत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची 'शिडी' छापली. कोणत्याही साध्या डॉक्टरला वापरता येईल इतकी ती सोपी होती. तोंडाने द्या, घड्याळ लावून द्या, एकेक पायरी चढा. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपला एनडीपीएस कायदा आला होता. राज्याराज्यांत परवान्यांची अशी जंजाळ झाली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि वैद्यकीय वापर रसातळाला गेला. शिडी हातात, पण पहिल्या दोन पायऱ्यांनंतर वर काही नाही. त्यानंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढीने मॉर्फिन कधी लिहूनच दिलं नाही, म्हणून औषधाबरोबर ज्ञानही गेलं.

कालिकतला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. सरकारची भीती होती की घरी मॉर्फिन दिलं तर ते बाजारात जाईल. त्या भीतीला त्यांनी भाषणाने उत्तर दिलं नाही. त्यांनी नोंदी ठेवल्या. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्या छापून आल्या: दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना तोंडाने घ्यायचं मॉर्फिन दिलं आणि गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या या विषयावरचा हा सगळ्यात उपयोगी पेपर आहे. तो छोटाच आहे, आज रात्री वाचून होईल. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' यादीत गेली, अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून रुग्णालयाला मान्यता घ्यायची, आणि त्या मान्यतेसाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. आता ज्ञान आणि औषध एकमेकांना बांधलेले आहेत. गावातला डॉक्टर शिकला नाही तर त्या रुग्णालयात गोळी येणार नाही. शिकला आणि रुग्णालयाने अर्जच केला नाही, तरी येणार नाही. तिरुवनंतपुरमचं पॅलियम इंडिया लांबून शिकवण्याचं जे काम करतं, टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरच्या रुग्णालयांना जोडून केसेसवर जी चर्चा घडवते, त्याचं मोल या दुहेरी गाठीत बघायला हवं. परळच्या फुटपाथवर ज्यांना मुक्काम करावा लागतो, त्यातल्या किती जणांचा उरलेला उपचार जालन्यात किंवा गडचिरोलीत होऊ शकला असता, हा प्रश्न त्याच गाठीशी येतो.

मग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल? 'डॉक्टरांच्या आत्मविश्वासावर इकोचा परिणाम' हे कृपया लिहू नका, ते लिहून झालंय. रँडमायझेशन करायचं तर रुग्णांचं नको, रुग्णालयांचं करा. एकाच डॉक्टरचे रुग्ण एकमेकांसारखे असतात, म्हणून वीस रुग्णालयांतले दहा-दहा रुग्ण म्हणजे दोनशे सुटे नमुने होत नाहीत. सॅम्पल साइझ काढताना हे विसरलात तर आरडीसीमध्ये पहिला प्रश्न यावरच येईल. मार्गदर्शनापासून कुणाला वंचित ठेवणं पटत नसेल तर टप्प्याटप्प्याने सगळ्यांना जोडा आणि ज्यांची पाळी अजून आली नाही त्यांच्याशी तुलना करा.

आणि रुग्णाच्या वेदनेचा गुण रोज घेणं परवडत नसेल, तर मधली एक वाट आहे. मान्यता मिळालेल्या प्रत्येक रुग्णालयाला मॉर्फिनचा हिशेब ठेवावाच लागतो: किती आलं, किती दिलं, किती उरलं. दरवर्षी तो औषध नियंत्रकाकडेही जातो. इकोची सत्रं सुरू होण्याआधीचं वर्ष आणि नंतरची दोन वर्षं, एवढीच पानं आधी मागून बघा. ग्रॅम म्हणजे वेदना नव्हे, हे मलाही माहीत आहे. पण ज्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं शून्यच आहे, तिथे प्रश्नावलीतले गुण कितीही वाढलेले असोत, दुखणाऱ्या माणसापर्यंत काय पोचलं ते पहिल्याच पानावर दिसतं.